जड नाव

मुंतिलान, शनिवार

प्रिय विलू,

पाकीट नीट बघितलंस का? 'विलुजेंग, सेंबुंगसारी, बटाट्याच्या वखारीमागं' एवढंच लिहिलंय. तुझं जुनं नाव, म्हणजे जे आता घ्यायचं नाही ते, ना पाकिटावर आहे ना आत कुठं. आजींना चष्मा लावून तपासू दे हवं तर. मी कितीही वाह्यात असले तरी ज्या नावाला अख्ख्या गावानं खीर खाऊन निरोप दिला, ते उकरून काढण्याइतकी वाह्यात नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अगं, तुला फोन करणं म्हणजे तुझ्या आजींना फोन करणं! त्या तुला स्पीकर लावायला लावतात आणि मध्येच विचारतात, "ती सालाकच्या फळबागांकडली पोर ना? जेवली का?" मी म्हणते, "जेवले आजी." की लगेच, "काय जेवली?" मग सोयाबीनचं टेम्पे तळलं होतं की उकडलं होतं इथपर्यंत येऊन आपलं बोलणं संपतं. आणि आज मला जे सांगायचंय त्यात मध्ये कुणी बोललं तर माझ्याच्यानं ते पुरं व्हायचं नाही. बाबा सोमवारी तुमच्याकडं बटाटे भरायला येतायत, त्यांच्या हाती देते. विषय तुला माहीत आहे. लस. कागद उलटा घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच, तुला माझी शपथ.

आधी तुझी ती सभागृहातली गोष्ट. तू सांगितलीस तेव्हा मी इतकी हसले की आई उलथनं हातात घेऊन धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. आता मी ती गोष्ट गल्लीभर सांगते, आणि तुझ्यापेक्षा चांगली सांगते. ऐक. गावच्या सभागृहात लस द्यायला तालुक्याहून नवी नर्स आलेली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, मास्क लावून सगळं सेंबुंगसारी बसलंय. आमची विलू पुढच्याच रांगेत. मांडीवर डॉक्टरांचं पत्र, की हिचा रक्ताचा कॅन्सर बरा झालाय, औषधं थांबून वर्ष उलटलंय, हिला लस द्यायला काही हरकत नाही. शेजारी आजी, ठेवणीतलं बाटिक नेसून. नर्स कागद उचलते आणि सरकारी कार्डावरचं नाव मोठ्यांदा घेते. ते जुनं नाव! आजींनी तुझा गुडघा दाबला. ती परत हाक मारते. तू छताकडं बघतेस. मग ती खुर्च्यांमधून फिरत विचारते, "अहो, ही मुलगी आलीय का? कुणी ओळखतं का हिला?" आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. अख्ख्या गावानं माना खाली घातल्या! सरपंचांनीसुद्धा. तुझ्या नव्या नावासाठी दुआ मागणारे मशिदीतले मोदीन तर जपमाळ काढून बसले. ज्यानं ज्यानं खीर खाल्ली होती त्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की टाकलेल्या नावाला ओ दिली तर गेलेलं दुखणं घर शोधत परत येतं. बिचारी नर्स! तिला वाटलं असेल, हे गावच बहिरं आहे. शेवटी तिनं तुझा कागद तळाशी घातला, कुप्या संपल्या, गाडी निघून गेली, आणि तू नि आजी ते पत्र जसंच्या तसं घेऊन घरी परत.

हसते खरी, पण त्या खिरीला मीही होते ना. औषधांच्या दुसऱ्या फेरीनं तू पार मोडली होतीस. ओठ फुटलेले, ताप उतरायचं नाव घेईना. आणि जोग्याला इस्पितळाजवळच्या आपल्या आश्रयघरात, सगळ्या पोरी आणि त्यांच्या आया जेवायला बसलेल्या असताना, आजींनी जाहीर केलं, "पोरीला नाव जड झालंय. बापानं हौसेनं ठेवलं, तिला पेलत नाही." झालं, तुला घरी नेलं आणि नाव बदललं. एक लाल गुळाची, एक पांढरी, अशा दोन्ही खिरी मी वाट्यांवर वाट्या चापल्या आणि परतीच्या गाडीत ओकले. विलुजेंग, म्हणजे सुखरूप. आणि तू झालीस की गं सुखरूप! डॉक्टर चित्रारेस्मी म्हणतात औषधानं, आजी म्हणतात नावानं. मी म्हणते दोघींनी अर्धं अर्धं श्रेय घ्या आणि गप्प बसा.

मलाही कुठं सोडलं होतं आजींनी. "आणि हिचं काय नाव? प्रमेस्वारी? अगं बाई, म्हणजे पट्टराणी! ट्रकवाल्याच्या पोरीला? मग आजार येईल नाही तर काय येईल?" बाबा दारातच उभे होते. मला वाटलं आता चिडणार. तर ते अदबीनं वाकले आणि म्हणाले, "आजी, पोरीला नाव पेलत नसेल तर एका बाजूनं मी धरतो." आजींना हसू आवरेना, पण हट्ट काही सोडला नाही. अजूनही मला बघितलं की मान हलवतात, "बघ बाई, अजून वेळ गेलेली नाही." मी जन्मले तेव्हा बाबांचा स्वतःचा ट्रकसुद्धा नव्हता, दुसऱ्याचा चालवायचे, आणि त्यांनी पहिल्या पोरीला हे नाव दिलं. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की नव्या बाई एकदा मान वर करून बघायच्या. मला माझं नाव फार आवडतं, विलू. हे आज मुद्दाम सांगते.

परवा कपाट आवरताना आपल्या तिघींचा ईदचा फोटो सापडला. तिघींची डोकी तुळतुळीत, आणि किनांतीनं पेननं काढलेल्या आपल्या भुवया! माझी एक वर, एक खाली. तू तर कायमची दचकलेली. वॉर्डात मधली खाट तिची होती म्हणून रात्रंदिवस आपण तिच्या अंगावरून भांडायचो, आणि ती म्हणायची, "बायांनो, माझ्यावरून रस्ता काढलाय का?" कॅन्सरला तिनं आपल्या दोघींच्या आधी हाकललं होतं. आणि जुलैत कोरोनानं नेलं तिला. तिचा भाऊ मोटारसायकलला ऑक्सिजनची टाकी बांधून गावभर फिरला, कुठं भरून मिळेना. आपल्याला जाताही आलं नाही, फोनवर बघितलं, तेही मध्येच बंद पडलं. तिच्या आईनं मला नंतर सांगितलं, लस आली होती गं, पण आम्ही म्हटलं एवढं सोसलेलं अंग, आधी धडधाकट लोकांना घेऊ दे, त्यांना काय होतंय ते बघू, मग हिला देऊ. ते बोलताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, म्हणून मला जास्त रडू आलं.

म्हणून तुझ्या गोष्टीला हसून झाल्यावर मला भीती वाटायला लागली. आजी म्हणाल्या म्हणे, "सुई आपणहून माघारी गेली, म्हणजे नशिबात नव्हती." आणि मी तुला विचारलं, आता पुढं काय, तर तू म्हणालीस, "बघू." तुझं बघू मला पाठ आहे. केसांचा टोप घ्यायचा का, बघू. शिवणाच्या वर्गाला नाव घालायचं का, बघू. वखारीतला तो वजनकाट्यावरचा मुलगा तुझ्या बटाट्यांत मुद्दाम चार जास्त टाकतो, त्याच्याशी बोलायचं का, बघू! त्याचं काय करायचं ते कर, म्हातारा होईल बिचारा. पण या बाबतीत आजींच्या मागं लपू नकोस. आजींना नावाची भीती आहे, आणि तुला सुईची आहे. आपलं अंग कसंबसं आपल्या ताब्यात आलंय, आता त्यात बाहेरचं आणखी काही घालायला नको वाटतं. मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्या तर दंडाकडं कुणी नुसतं बघितलं तरी मी बाही खाली ओढते. पण डॉक्टर चित्रारेस्मींनी तुझे सगळे कागद बघून सही केलीय. त्या बाई साधं चिंच खाऊ का विचारलं तरी दोन दिवस विचार करतात, त्यांनी उगाच सही केली असेल का?

नावाचं काम मी करून ठेवलंय. म्हणजे बाबांनी. गेल्या खेपेला ते तुमच्या आरोग्य केंद्रात जाऊन त्या नर्सला भेटले. नूरिनी तिचं नाव, बाबा अदबीनं बू नूरिनी म्हणतात. ती बिचारी अजून सेंबुंगसारीवर रुसलेली होती. "अहो पाक, मी तीन वेळा हाक मारली, तुमच्या त्या गावात कुणाच्या तोंडाला जीभ नाही!" बाबांनी सगळं समजावून सांगितलं. तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो मग आधी सांगायचं नाही का? माझ्या सख्ख्या भावाचं नाव पाचव्या वर्षी बदललंय, आमची आई अजून जुनं नाव ऐकलं की कानावर हात ठेवते." तर ठरलं असं, की येत्या गुरुवारी ती परत येतेय. हाक 'विलुजेंग' अशीच मारणार. कार्ड डोळ्यांनी वाचणार, तोंडानं नाही. जुनं नाव कागदावर असेल, पण कुणाच्या जिभेवर येणार नाही. कागदाला काय, त्याला कुणी ओ देत नाही.

आता माझं. तू विचारलंस, तू घेतलीस का? मी म्हटलं, बाबांनी घेतली, आईनं घेतली, आईचा दंड असा सुजला की तिनं बाबांना स्वयंपाक करायला लावला आणि त्यांनी भात करपवला. तू हसलीस आणि माझं विचारायचं विसरलीस. मी मुद्दामच तसं केलं होतं. मी घेतलेली नाही, विलू. घ्यायला निघाले होते. तुझ्यासारखंच पत्र आणायला जोग्याला गेले. नवा रुमाल डोक्याला बांधून, त्याला शोभेल असा मास्क लावून, अगदी लग्नाला चालल्यासारखी. डॉक्टर म्हणाल्या, सही करायच्या आधी एकदा रक्त बघू. बघितलं. मग परत बघितलं. मग त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या शेजारी येऊन बसल्या की काय असतं ते तुला मी काय सांगू.

परत आलंय.

तुला लगेच सांगितलं नाही, त्यावर रागावशील. रागाव. पण मी घाबरले होते, आजाराला घाबरले त्याहून जास्त तुझ्या घरात काय बोललं जाईल त्याला. आजी म्हणतील, बघ, हिनं नाव बदललं नाही, हिचं परत आलं, तुझं नाही आलं. आणि गल्लीतल्या बायका म्हणतील, लस घ्यायला गेली आणि दुखणं घेऊन आली. घेतली नाही हो, टोचलीसुद्धा नाही, असं कुणाकुणाला सांगत बसू? माझ्या आजारपणाचा पुरावा करून तू ती सुई कायमची टाळशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्यामुळं तुझं असं झालं असतं तर मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी फोनवर टेम्पेच्या गप्पा मारत राहिले.

डॉक्टरांना मी विचारलं, मग आता माझ्या लसीचं काय? त्या म्हणाल्या, "न्दुक, पोरी, तुझ्या अंगातले शिपाई आता आम्हीच औषध देऊन झोपवणार. लस शिकवणार कुणाला? तुझी नंतर बघू. तोवर तुझ्या भोवतीच्या माणसांनी घ्यायची. तेच तुझं कुंपण." पुढच्या आठवड्यात मी भरती होतेय. पहिला महिना वॉर्डात, तेवढ्यापुरती आई येईल. पुढं आश्रयघरात राहून रोज जा-ये, किती महिने ते देव जाणे. धाकटा अजून आईच्या अंगावर पितो, तिला तिथं महिन्याहून जास्त राहता येणार नाही. बाबा ट्रकवर गेले नाहीत तर घर चालणार नाही. आत्या येते म्हणाली, पण आत्या घोरते आणि दिवसभर माझ्याकडं बघून रडते, दोन्ही मला झेपायचं नाही. आणि आश्रयघराचा नवा नियम आहे, की सोबतीला राहणारीनं दोन्ही सुया घेतलेल्या हव्यात. आजारी पोरींना सूट, सोबतीणींना नाही. गुरुवारी पहिली घेतलीस तर मी वॉर्डातून बाहेर येईतो तुझी दुसरी होईल.

कळलं ना आता, पत्र का लिहिलं ते? तुझ्या भल्यासाठी लिहिलं असं मी तोंडावर म्हटलं असतं, आणि ते खरंही आहे. पण त्याहून खरं हे, की मला सोबतीला तू हवी आहेस. मला कुठल्या वेळी ओकारी येते ते तुला न सांगता कळतं. केस जायला लागले की आरसा कधी काढून ठेवायचा ते तुला कळतं. माझ्याजवळ बसून रडू नये आणि उगाच हसवूही नये, ते तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. किनांती असती तर तुम्हा दोघींना आळीपाळीनं राबवलं असतं, आता तू एकटीच आहेस. पुढचं आजींना मोठ्यांदा वाचून दाखव, एक अक्षर गाळू नकोस. आजी, मी प्रमेस्वारी, पाया पडते. तुम्ही म्हणत होतात तसं मला नाव जड झालं असेल, नसेलही, मला खरंच माहीत नाही. पण तुमचं ऐकायला मी तयार आहे. तुम्ही दोन्ही खिरी करा, मोदीनांना बोलवा, आणि तुमच्या मनाला येईल ते नाव मला द्या. बाबांना विचारलंय. ते ट्रकची काच पुसत होते, पुसून झालेली काच पुन्हा पुन्हा पुसत राहिले, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आजींना सांग, जरा हलकं बघून ठेवा." आता यापुढं द्यायला माझ्याकडं दुसरं काही नाही, आजी. बदल्यात एवढंच करा. गुरुवारी विलूला घेऊन जा, आणि बू नूरिनीनं हाक मारली की तिला ओ देऊ द्या.

तुझीच,
आजी ठेवतील त्या नावाची